पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग: आठवड्याचे उपक्रम कसे बसवावेत?

खाचरकाठची बाई (27 जून)

नमस्कार. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी या महिन्यात बदलीने रुजू झाले आहे. पहिलीची 11 आणि दुसरीची 8 अशी 19 मुले माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत मुख्याध्यापक सरांकडे आहे.

आधीच्या शाळेत मला एक सवय लागली होती. शिक्षकांच्या गटांवर रोज कोणीतरी नवा उपक्रम टाकतो, त्याची छायाचित्रे सुरेख असतात आणि आपणही तो करून पाहावा असे वाटते. त्यामुळे मी दर सोमवारी काहीतरी नवे सुरू करीत असे: कधी शब्दांची सापशिडी, कधी पानांचे ठसे, कधी अंकांची आगगाडी. मुले रमत, यात शंका नाही. परंतु नियम समजावण्यातच मंगळवार उजाडे, बुधवारपर्यंत जेमतेम निम्म्या मुलांना खेळ कळे आणि शुक्रवारी सगळी रंगात आली की आठवडा संपलेला असे. वर्षअखेरीस माझ्याकडे छायाचित्रे भरपूर होती. मात्र कोणते मूल नेमके कुठे अडले आहे, हे मला खात्रीने सांगता आले नाही.

येथे अडचणी आणखी आहेत. पहिलीला शिकवत असताना दुसरीला असे कोणते काम द्यावे, की ती मुले दर दोन मिनिटांनी "बाई, झालं" म्हणत उठून येणार नाहीत? दुसरीतील तीन मुले जोडाक्षर आले की थांबतात आणि शब्द चक्क गाळून पुढे जातात. गुरुवारी बाजार असल्यामुळे पाच-सहा मुले आईबरोबर जातात. पुढच्या महिन्यात आवणी (भाताची लावणी) सुरू झाली की उपस्थिती आणखी घटेल, असे सर सांगतात. शिवाय शनिवारी सकाळच्या सत्रात 'आनंददायी शनिवार' हा कृती-खेळांचा उपक्रम असतो आणि राहिलेले सारे काही मी त्यातच कोंबू पाहते. बहुवर्ग अध्यापनाचा अनुभव असलेल्यांनी आठवड्याची घडी कशी बसवली, ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

वाडीवरची शाळा (28 जून)

ताई, मी पाटण तालुक्यात चौदा वर्षे बहुवर्ग शिकवते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: दर आठवड्याला बदलायचा असतो तो आशय. उपक्रमाची चौकट जूनमध्ये बसवावी आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावू नये. मुलांना काय करायचे हे पाठ झाले, की शिक्षकाचे हात मोकळे होतात, आणि दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईला त्याहून मोठी मदत कोणतीही नाही.

माझ्या वर्गात संपूर्ण आठवडा एकाच छोट्या मजकुरावर चालतो आणि तो मजकूर मुलेच देतात. सोमवारी परिपाठ झाला की आम्ही गोल बसतो आणि रविवारी घरी काय झाले ते मुले सांगतात. त्यातली एक हकिकत सर्वांनी मिळून निवडायची आणि ज्याची हकिकत असेल त्याच्याच शब्दांत मी ती मोठ्या कागदावर लिहायची. मागे एका मुलाने सांगितले होते: "काल आमची म्हस येली. तिला रेडी झाली. आजीनं खरवस केला. मला खरवस आवडत नाही." चारच वाक्ये, पण शेवटच्या वाक्यावर वर्गात जो वाद झाला, तो मधल्या सुट्टीपर्यंत पुरला.

मंगळवारी पहिलीची मुले त्याच कागदावर ओळखीची अक्षरे शोधून त्यांना गोल करतात. 'खरवस' हा शब्द त्यांच्यासाठी मोलाचा ठरला, कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही आणि तरीही तो वाचणे सोपे नाही. दोन मुलींनी तो 'रवरवस' असा वाचला. ख म्हणजे र आणि व शेजारी ठेवलेले, अशी त्यांची समजूत होती आणि फळ्यावरचे माझे घाईचे अक्षर पाहता त्यांची चूक म्हणवत नाही. मग ख च्या दोन भागांना खाली जोडणारी रेघ आम्ही बोटाने धुळीत गिरवली, 'रवा' आणि 'खवा' शेजारी शेजारी लिहून पाहिले, आणि तो आठवडा पहिलीपुरता ख चा झाला. पाठ्यपुस्तकात ख ज्या पानावर येतो तिथे आम्ही अजून पोहोचलोही नव्हतो.

दुसरीच्या मुलांना त्याच दिवशी मी विचारले, की हेच वाक्य पुस्तकात असते तर कसे लिहिले असते? त्यातून 'म्हस येली' च्या खाली 'म्हैस व्याली' आले. मुलाचे बोलणे खोडायचे नाही. त्याच्या खाली दुसरी ओळ लिहायची, एवढेच पथ्य मी पाळते. तुमच्या त्या तीन मुलांसाठीची जोडाक्षरे अशीच त्यांच्या तोंडातून येऊ द्या. 'म्ह' आणि 'व्या' हे रोजच्या बोलण्यातले आवाज आहेत. मूल ते सहज उच्चारते, त्याला फक्त कागदावर ओळखायचे असतात. जोडाक्षरांच्या याद्या पाठ करून घेण्याने माझ्या वर्गात तरी कोणाला वाचता आले नाही.

बुधवारी वाक्यांच्या पट्ट्या कापून जोड्यांना देते. जोडीत एक पहिलीचा आणि एक दुसरीचा. पहिलीच्या मुलाने पट्टी ओळखायची, दुसरीच्याने क्रम लावायचा. गुरुवारी दुसरीला त्याच मजकुरातील शब्दांचे श्रुतलेखन, पहिलीला चित्र आणि चित्राखाली एक शब्द. शुक्रवारी मूळ कागद दोरीने बांधून 'आमचे पुस्तक' यात घालायचा. वर्षाला तीसेक पाने जमतात आणि रिकाम्या वेळी मुले सर्वांत जास्त तेच पुस्तक वाचतात, कारण त्यात कोणाच्या तरी म्हशीची, कोणाच्या तरी भांडणाची गोष्ट असते.

आता "बाई, झालं" चा प्रश्न. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याच्या हाती जे काम द्यायचे, त्याची सूचना वाचावी लागू नये, उत्तर बरोबर आले की नाही ते मुलाला स्वतःला पाहता यावे, आणि ते काम एकदा झाले म्हणून संपू नये. पुढे शब्द आणि मागे चित्र असलेली कार्डे या तिन्ही कसोट्यांना उतरतात. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करणे उतरते. 'पान 14 वरील स्वाध्याय सोडवा' हे पहिल्याच कसोटीला पडते. मी एका वर्गाजवळ सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही. त्यापलीकडे दुसऱ्या बाजूला काय चालले आहे ते आवाजावरूनच कळू लागते.

शनिवारकडे मात्र उरलेसुरले भरण्याची पेटी म्हणून पाहू नका. शनिवारी आमच्याकडे हाताचे काम असते: माती, कागद, बागेतले तण काढणे. त्या दिवशी अक्षर-अंकाची आठवणही मी काढत नाही.

---

मणिमाळ (28 जून)

वरील उत्तर भाषेपुरते इतके भरीव आहे, की मी केवळ गणिताचे सांगतो. मजकूर जसा आठवड्याला एक, तशी दुसरीसाठी 'आठवड्याची संख्या' एकच ठेवावी.

मराठी संख्यानामांची अडचण आपण शिक्षक कमी लेखतो. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, म्हणून मूल प्रामाणिकपणे 36 लिहिते. 'एकोणसाठ' मध्ये तर साठ स्पष्ट ऐकू येते आणि लिहायचे मात्र 59. त्यात पुन्हा 'नव्याण्णव' या रीतीतून निसटतो. त्याला कोणी 'एकोणशंभर' म्हणत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा केवढे वादळ उठले ते अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी या बदलामागची भूमिका वारंवार मांडली होती. पुस्तकात जुनी नावेही होतीच, पण चर्चा अशी झाली की जणू ती पुसून टाकली आहेत. माझ्या वर्गात मी दोन्ही रीती वापरतो: काड्यांचे गठ्ठे हातात असताना 'साठ आणि तीन', आणि गठ्ठे बाजूला ठेवल्यावर 'त्रेसष्ट'. वर्षाच्या शेवटी मुले पहिली रीत आपोआप सोडून देतात.

सोमवारी संख्या ठरली, समजा 49, की खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या करायच्या. मंगळवारी तीच संख्या शंभर मण्यांच्या माळेवर चिमटा लावून दाखवायची. तेव्हा ती पन्नासच्या एक मणी अलीकडे आहे हे डोळ्यांना दिसते आणि 'एकोण' चा अर्थ सांगावा लागत नाही. बुधवारी एक काडी वाढवायची, म्हणजे सुट्या दहा होऊन पाचवा गठ्ठा बांधावा लागतो. तो गठ्ठा बांधण्याचा मान कोणाला, यावरून आमच्याकडे भांडणे होतात, म्हणून पाळी लावलेली आहे. पुढचे दोन दिवस त्याच संख्येची तोंडी उदाहरणे. पहिलीला हेच वीसच्या आतील संख्यांवर करता येते, साहित्य तेच राहते.

बाजाराच्या दिवसाबद्दल एक सुचवतो. जी मुले गुरुवारी बाजारात जाणार, त्यांना बुधवारी काम द्या: तीन वस्तूंचे भाव विचारून यायचे आणि शुक्रवारी वर्गाला सांगायचे. शुक्रवारचे गणित त्या भावांवर घ्या. म्हणजे गैरहजर मूल मागे पडण्याऐवजी वर्गाला लागणारी माहिती आणणारे होते.

---

निवृत्त केंद्रप्रमुख (30 जून)

मणिमाळ यांची बाजाराची सूचना वाचून पालघर जिल्ह्यातील कोसबाडची आठवण झाली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर तेथे शाळाच कुरणावर नेण्यात आली. 'कुरणशाळा' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आवणीच्या पंधरवड्यात तुम्हाला शाळा खाचरावर नेता येणार नाही, हे मी जाणतो. परंतु त्या पंधरवड्यात नवीन अक्षर, नवीन संख्या सुरू न करता आधीच्या तीन आठवड्यांचे मजकूर पुन्हा फिरवले, तर परत आलेल्या मुलाला आपण नसताना गाडी निघून गेली असे वाटणार नाही.

मला मुख्यत्वे नोंदींविषयी लिहायचे आहे, कारण ताईंचे खरे दुःख तेच आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक (शिकणे चालू असतानाच करायच्या) मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी अशी साधने दिली गेली. त्यातील निरीक्षण हे पहिलेच साधन, पण शाळा भेटींत मला सर्वांत दुबळे तेच दिसत असे. सत्राच्या शेवटी एका बैठकीत सर्व मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहिल्या जात आणि त्या एकमेकींच्या प्रती असत. 'वाचन चांगले करतो', 'उपक्रमात सहभागी होते' या वाक्यांनी मी रजिस्टरेच्या रजिस्टरे भरलेली पाहिली आहेत, आणि खरे सांगायचे तर शिक्षक असताना मीही भरली आहेत.

तुमची मुले 19 आहेत. रोज फक्त चार मुलांकडे जाणीवपूर्वक पाहायचे ठरवा, म्हणजे शुक्रवारपर्यंत प्रत्येकाची एक ओळ होते आणि एक जागा मोकळी राहते. ती त्या आठवड्यात गैरहजर असलेल्यासाठी ठेवा. ओळ अशी असावी: "'खरवस' मधील ख ला रव म्हणाली, बोट ठेवून पुन्हा वाचल्यावर स्वतः दुरुस्त केले." अशा आठ-दहा ओळी एका मुलाच्या नावापुढे जमल्या, की सत्राअखेरची वर्णनात्मक नोंद वेगळी रचावी लागत नाही आणि पालकसभेत बोलायलाही काहीतरी असते.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचा वेळ समाविष्ट आहे, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात. पट्ट्या कापणे, काड्या बांधणे, नोंदी लिहिणे हे घरी रात्री करायचे काम नव्हे. आठवड्यातील एखादी वेळ त्यासाठी ठरवा आणि मुख्याध्यापकांना सांगून ती वेळापत्रकावर लिहा. माहिती भरण्याची आणि ऑनलाइन बैठकांची कामे ती वेळ खाऊ पाहतील; लिहिलेली वेळ वाचवणे थोडे सोपे जाते.

---

चादरपेठ (2 जुलै)

मी सोलापूरच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवतो. 'वाडीवरची शाळा' यांच्या पद्धतीविषयी आदर राखून एक शंका मांडतो. सोमवारची हकिकत हा आठवड्याचा पाया असेल, तर मूल मराठीत बोलते हे गृहीत धरले जाते. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. गेल्या वर्षी जूनमध्ये मी गोल बसवून रविवारची हकिकत विचारली, तर तीच पाच मराठी मुले बोलत राहिली आणि बाकीची माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी वर्गाचा मजकूर म्हणजे त्या पाच मुलांचा मजकूर, असे झाले.

मी केलेला बदल असा. मुलाने तेलुगूत सांगायचे, दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाने ते मराठीत सांगायचे, आणि मी लिहायचे. हकिकत कोणाची, त्याचे नाव कागदावर वर येते. 40 मुलांच्या वर्गात सर्वांचे ऐकणे शक्य नसल्याने रोज आठ जणांचा एक गट बोलतो आणि मजकूर सोमवारऐवजी शुक्रवारी ठरतो. पुढचा आठवडा त्यावर चालतो. सुरुवातीचे दोन महिने हकिकतीपेक्षा वस्तूंवरच भर दिला: डबा उघडून त्यात काय आहे ते सांगणे, दप्तरातील वस्तू मांडणे. ताईंच्या भागातील मुलांची घरची बोलीही पुस्तकापेक्षा वेगळी असणार, म्हणून हे लिहिले.

चौकट दिवाळीपर्यंत बदलू नये, हेही मला पूर्ण पटत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर माझी मुले कंटाळली. पट्ट्या लावण्याचे काम ती न वाचताच, कडांच्या आकारावरून करू लागली होती.

---

वाडीवरची शाळा (2 जुलै)

सर, कडांचा अनुभव मलाही आला आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे सर्व पट्ट्या मोजपट्टी लावून सारख्या कापायच्या, आणि शक्य तर एक जास्तीची पट्टी घालायची, जी मजकुरात नाहीच. ती शोधून बाजूला काढण्यासाठी वाचावेच लागते. बोलीविषयीचे तुमचे म्हणणे मान्य आहे. दुभाष्या मुलाची युक्ती मला सुचली नव्हती.

---

खाचरकाठची बाई (17 ऑगस्ट)

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवडे हे करून पाहिल्यावर लिहिते आहे, कारण लगेच 'छान, करून पाहते' एवढेच लिहिण्यात अर्थ नव्हता.

पहिला मजकूर मिळायलाच दोन सोमवार गेले. मुले माझ्याशी बोलतच नव्हती. मी नवी, आणि त्यांच्या बोलीतले अनेक शब्द मला कळत नव्हते. 'चादरपेठ' सरांचे उत्तर वाचून मी दुसरीतल्या एका मुलीला सांगितले, की तू मला समजावून सांग. ती आता हे काम इतक्या अधिकाराने करते, की मी बरोबर समजले आहे की नाही हेही तपासते. तिसऱ्या सोमवारी एका मुलाने ओढ्यात खेकडे पकडल्याची हकिकत सांगितली आणि त्यानंतर कोणाला थांबवावे असा प्रश्न पडू लागला.

पट्ट्यांचा उपक्रम मात्र पावसाने बंद पाडला. खिडकीची झडप नीट लागत नाही, वाऱ्याने पट्ट्या उडत आणि ओल्या कागदावरची शाई पसरे. आता प्रत्येक वाक्य एका पाटीवर लिहून पाट्यांचा क्रम लावतो. पाट्यांच्या कडा सारख्याच असतात, त्यामुळे सरांची अडचणही आली नाही. सुट्या काड्यांऐवजी हिरडे आणले. ते मुलांनीच गोळा केले होते, पण त्यांचे गठ्ठे बांधता येत नाहीत हे माझ्या उशिरा लक्षात आले. दहा-दहा हिरड्यांसाठी आता जुन्या कापडाच्या थैल्या शिवल्या आहेत.

आवणीच्या आठवड्यात वर्गात सातच मुले होती. जुने तीन मजकूर पुन्हा घेतले. त्या सातांना कंटाळा येईल अशी भीती होती, पण त्यांनी 'खेकडा' च्या मजकुराला आणखी दोन वाक्ये जोडली आणि परत आलेल्या मुलांना ती वाचून दाखवली. बाजारच्या भावांचे काम मी तोंडी दिले होते. एक मुलगा भाव विचारताना दुकानदाराशी घासाघीसही करून आला, आणि शुक्रवारी 'सांगितलेला भाव' व 'दिलेला भाव' अशा दोन रकमांची वजाबाकी आयती मिळाली.

नोंदी रोज चार जणांच्या होत नाहीत; तीन होतात. तरीही त्या तीन जोडाक्षरवाल्या मुलांपैकी दोघांचे नेमके कारण त्या ओळींतूनच कळले: त्यांना अर्धे अक्षर ओळखता येते, पण रफार आणि रकार यांत गोंधळ होतो, म्हणजे 'सूर्य' आणि 'चक्र' मध्ये र कुठे आहे ते ठरवता येत नाही. तिसऱ्याचे कारण अजून सापडलेले नाही. तो वाचताना कागद फार जवळ धरतो; पुढच्या महिन्यात आरोग्य तपासणीचे पथक येणार आहे, तेव्हा त्याचे डोळे तपासून घ्यायचे ठरवले आहे.

एक नवीन अडचण उभी राहिली आहे, तिच्यावर कोणाचा अनुभव असल्यास सांगावे. मजकूर मोठ्या कागदावर आणि पाट्यांवर असल्यामुळे मुलांच्या वह्या रिकाम्या दिसतात, आणि दोन पालक येऊन विचारून गेले, की बाई वहीत काही लिहून का घेत नाहीत. शुक्रवारी आठवड्याचा मजकूर वहीत उतरवून घ्यावा, की त्यामुळे तो पुन्हा नुसता शुद्धलेखनाचा तास होईल?